मधल्या नावाचा राजा

'फुले-शाहू-आंबेडकर' ही तीन नावं आपण इतक्या वेळा एका दमात ऐकली आहेत, की त्यांतली एक विसंगती आपल्या लक्षातच येत नाही. जोतीराव फुल्यांनी जन्मावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या व्यवस्थेशी आयुष्यभर झुंज दिली. बाबासाहेबांनी देशाला प्रजासत्ताकाची घटना दिली. या दोघांच्या मधे उभे असलेले शाहू महाराज मात्र राजे होते. गादीवर दत्तक आलेले, छत्रपती म्हणवले जाणारे, मुजरे स्वीकारणारे, कोणीही मत देऊन निवडून न दिलेले राजे. आणि ही तीन नावं अभिमानाने घेतं कोण? जन्माने मिळणारा कुठलाच अधिकार ज्यांना मान्य नाही, तीच माणसं.

मागे २६ जूनला आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शाहू जयंतीच्या शुभेच्छा आल्या. खाली आपल्यातल्याच एकाने विचारलं, "आपण लोकशाहीवाले ना? मग राजाची जयंती कशाला?" त्यावर तीन-चार अंगठे आले, एक-दोन रागावलेले चेहरे आले आणि विषय तिथेच संपला. माझ्या डोक्यातून तो गेला नाही. शाळेच्या आठवणी या स्मरणिकेत बाकीचे माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील, म्हणून मी या प्रश्नाचं उत्तर शोधायचं ठरवलं. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. दहावीनंतर इतिहास परीक्षेला कधी आला नाही, पण वाचनातून तो सुटलाही नाही.

उत्तराची सुरुवात कोल्हापूरपासून नको, आपल्या जिल्ह्यापासून करू. कारण आपल्यालाही एक राजा होता आणि त्याची आपल्याला आठवणसुद्धा नाही.

१८०३ च्या लढाईपर्यंत वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचाही अंमल चाले. शेतकऱ्याकडून वसुली दोघांचीही होई. भोसले हरले आणि वऱ्हाड एकट्या निजामाकडे गेलं. पुढे १८५३ साली इंग्रजी फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. कारभार इंग्रजांचा आणि मालकी कागदोपत्री निजामाची, असा हा मामला होता. १९०२ साली लॉर्ड कर्झनने नवा करार करून घेतला. वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहील आणि निजामाला त्याबद्दल दरसाल २५ लाख रुपये मिळतील, असं ठरलं. त्यानंतर तीन वर्षांनी, १९०५ साली, जुन्या वणी जिल्ह्याला पुसद जोडून आपला यवतमाळ जिल्हा उभा राहिला. १९३६ साली तर निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताबही मिळाला. म्हणजे आपले आजोबा-पणजोबा पऱ्हाटीच्या शेतात राबत होते, तेव्हा कागदावर त्यांचा एक राजा होता आणि पुढे एक राजपुत्रही होता.

आपल्यापैकी कोणाच्या घरी या राजाचा फोटो होता? कोणाच्या आजीने त्याची गोष्ट सांगितली? १९३० साली लोकनायक बापूजी अण्यांच्या नेतृत्वाखाली पुसदला जंगल सत्याग्रह झाला. लोकांनी कायदा मोडला तो इंग्रजांचा. निजामाकडे दाद मागावी असं कोणाच्या मनातही आलं नाही. पैनगंगेच्या पलीकडे, मराठवाड्यात, निजामाचं प्रत्यक्ष राज्य होतं. तिथल्या लोकांना १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत त्याच्याशी लढावं लागलं. न्यायाने हेही सांगायला हवं की हैदराबाद शहरात निजामांविषयी आपुलकीने बोलणारी माणसं आजही भेटतात. तिथे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं, पाण्याचे तलाव झाले. तिथे त्यांनी काही केलं, म्हणून तिथे आठवण उरली. वऱ्हाडाकडून मात्र त्यांना भाडं मिळत होतं, आणि भाडं घेणाऱ्यावर कोणी प्रेम करत नाही.

एवढ्यावरून एक गोष्ट तरी नक्की झाली. नुसत्या राजेपणाने माया मिळत नाही. मग कोल्हापूरचा राजा, ज्याने आपल्यावर एक दिवसही राज्य केलं नाही, ज्याची राजधानी आपल्यापासून सहाशे किलोमीटरच्या आसपास दूर, तो यवतमाळच्या चौकातल्या फलकावर का असतो?

आता तेच १९०२ साल पुन्हा घेऊ. ज्या वर्षी आपला प्रांत २५ लाखांच्या पट्ट्यावर गेला, त्याच वर्षी २६ जुलैला कोल्हापूर दरबारने एक हुकूम काढला. महाराज तेव्हा सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेलेले होते. हुकमाचा आशय असा होता: यापुढे सरकारी नोकरीत ज्या जागा रिकाम्या होतील, त्यांतल्या निम्म्या मागासलेल्या वर्गांतल्या माणसांनी भराव्यात. ज्या कचेरीत त्यांचं प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातूनच व्हावी. मागासलेले वर्ग कोणते, हेही त्यात स्पष्ट केलं होतं. त्यासोबत आणखी एक ओळ होती, जी सहसा भाषणांत येत नाही: प्रत्येक खात्याच्या प्रमुखाने केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी पाठवावा.

मला सगळ्यात जास्त भावली ती ही तिमाही तक्त्याची ओळ. आम्ही सॉफ्टवेअरवाले नवी सोय बांधतो तेव्हा ती चालते आहे की नाही हे आपोआप कळावं, अशी व्यवस्था आधी करतो. तसं केलं नाही, तर सहा महिन्यांनी ती सोय बंद पडलेली सापडते आणि कधी बंद पडली हे कोणालाच सांगता येत नाही. महाराजांना माहीत होतं की हुकूम निघाला म्हणजे काम झालं असं नसतं. कचेरीतला माणूस फाईल दाबू शकतो, लायक उमेदवार मिळाला नाही म्हणू शकतो. म्हणून तक्ता मागितला.

याची गरज का होती ते आकड्यांवरून दिसतं. १८९४ साली महाराजांच्या हाती कारभार आला तेव्हा सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० ब्राह्मण अधिकाऱ्यांकडे होत्या. उरलेल्या ११ मध्ये बाकीचं सगळं संस्थान. १९१२ पर्यंत जागा ९५ झाल्या आणि त्यांतल्या ब्राह्मण अधिकाऱ्यांच्या ३५ राहिल्या. शिकलेल्या एकाच वर्गाकडे कारभार एकवटला होता. तो सगळ्यांत वाटला जावा, एवढाच त्या हुकमाचा अर्थ होता.

राजे लोक दानधर्म नेहमीच करत आले आहेत. कोणाला इनाम, कोणाला शालजोडी, कोणाला अचानक नोकरी. मर्जी झाली की मिळतं, मर्जी गेली की जातं. ते घेणारा माणूस वाकून घेतो आणि वाकलेलाच राहतो. १९०२ च्या हुकमाने उलटं केलं. नोकरी मिळणाऱ्या मुलाला महाराजांचं तोंडही पाहावं लागणार नव्हतं. नियमात लिहिलं होतं म्हणून जागा त्याची होती. मर्जीचा हक्क झाला. आणि मर्जीचा हक्क करताना राजा आपल्या हातातली एक सत्ता स्वतःच कमी करत असतो, कारण उद्या त्यालासुद्धा नियमाबाहेर जाऊन कोणावर मेहेरबानी करणं अवघड होतं.

माझ्या मते त्या व्हॉट्सॲपवरच्या प्रश्नाचं मूळ उत्तर हेच आहे. गादीचा उपयोग गादीची गरज कमी करण्यासाठी ज्याने केला, त्या राजावर राजेशाही न मानणाऱ्यालाही प्रेम करता येतं.

महाराजांची बाकीची कामं याच कसोटीवर लावून पाहा. १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं निघत गेली: मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, शिंपी, दैवज्ञ, पांचाळ, सारस्वत अशा कितीतरी समाजांच्या मुलांसाठी. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. १९१७ साली सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय झाला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकाच शाळेत बसवायचा हुकूम झाला. १९१८ साली महार वतन रद्द झालं, म्हणजे गावकीच्या राबणुकीचा जो पिढीजात फास होता तो सुटला. भोगावती नदीवर राधानगरीचं धरण बांधायला घेतलं. ते महाराजांच्या हयातीत पुरं झालं नाही, पण आजही त्याचं पाणी कोल्हापूरच्या शिवारात खेळतं. शाळा, वसतिगृह, धरण, नोकरीचा नियम या सगळ्यांत एक साम्य आहे. राजा गेला तरी ही लोकांकडे राहतात.

अर्थात माया नुसत्या हुकमांवर बसत नाही. माणूस जवळ यावा लागतो आणि त्याने स्वतः काही किंमत मोजलेली दिसावी लागते.

जवळ येण्याची गोष्ट कोल्हापुरात आजही सांगतात. गंगाराम कांबळे नावाचे राजवाड्याच्या तबेल्यात नोकरीला असलेले गृहस्थ होते. तिथल्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांना कळल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामना स्वतःचा धंदा सुरू करायला मदत दिली. गंगारामनी चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. मग महाराज आपली गाडी त्या हॉटेलसमोर थांबवून चहा मागवू लागले. सोबतच्या सरदार-दरकदारांनाही तो घ्यावा लागे. जाहीर भाषणात समतेवर बोलणं सोपं असतं, पण भर रस्त्यात सगळ्यांसमोर कप तोंडाला लावल्यावर मागे फिरता येत नाही. महाराज गेल्यानंतर त्यांचं पहिलं स्मारक कोल्हापूरच्या नर्सरी बागेत उभं राहिलं, ते गंगाराम कांबळे आणि त्यांच्या समाजातल्या लोकांनी वर्गणी काढून. राजाचे पुतळे सहसा दरबार उभारतो.

किंमत मोजण्याची गोष्ट वेदोक्त प्रकरणाची. पंचगंगेच्या स्नानाच्या वेळी पुरोहित आपल्यासाठी वेदोक्त नव्हे तर पुराणोक्त मंत्र म्हणतो आहे, हे महाराजांच्या लक्षात आलं. धर्माच्या हिशेबात छत्रपतीसुद्धा शूद्रच, असा त्याचा अर्थ होता. एखाद्या राजाने स्वतःपुरता मान भांडून मिळवला असता आणि प्रकरण मिटवलं असतं. महाराजांनी त्या अपमानातून पुढचं पाहिलं: राजाला ही वागणूक, तर गावकुसाबाहेरच्या माणसाला काय मिळत असेल? त्यानंतर वर्तमानपत्रांतून झालेली टीका, धर्मपीठांशी आलेला बेबनाव आणि आपल्याच जातीतल्या मोठ्या घराण्यांची कुरकुर हे सगळं त्यांनी वीस वर्षं सोसलं.

२१ आणि २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतल्या माणगावला अस्पृश्यांची परिषद झाली. अध्यक्ष होते २८ वर्षांचे डॉ. आंबेडकर. महाराज तिथे स्वतः गेले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, अशा अर्थाचं बोलले. त्याच वर्षी ३० मे ते १ जून या काळात आपल्या नागपूरला अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. तिचे अध्यक्ष स्वतः शाहू महाराज होते. विदर्भाचं आणि त्यांचं नातं फलकापुरतं नाही, ते असं प्रत्यक्ष आहे. 'मूकनायक' पाक्षिकाला त्यांनी अडीच हजार रुपये दिले होते. राजाने आपल्या प्रजेला सांगावं की तुमचा पुढारी मी नव्हे, तो तुमच्यातलाच हा शिकलेला तरुण, असं किती वेळा घडलं असेल? ६ मे १९२२ रोजी महाराज वारले तेव्हा त्यांचं वय ५० सुद्धा नव्हतं.

आता दुसरी बाजू. आपल्या बॅचमधल्या विचारणाऱ्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शाहू महाराज इंग्रज सरकारशी जमवून घेऊन राज्य करत होते. पहिल्या महायुद्धात त्यांनी इंग्रजांच्या फौजेसाठी भरती करून दिली. शिकारीचा त्यांना शौक होता, तोही राजेशाही थाटाचा. आणि मुख्य म्हणजे कोल्हापूरच्या माणसाला शाळा मिळाली, नोकरी मिळाली, पण राज्य कोणी करावं यावर मत मिळालं नाही.

ते मत मागायला उभी राहिली ती कोल्हापूरचीच पुढची पिढी. १९३९ साली कोल्हापुरात प्रजा परिषद स्थापन झाली. तिचे एक नेते भाई माधवराव बागल. त्यांचे वडील खंडेराव बागल सत्यशोधक चळवळीतले. माधवराव शाहूकाळातल्या कोल्हापुरात वाढले, चित्रकार झाले, लेखक झाले, आणि संस्थानी राजवटीविरुद्ध लढताना तुरुंगातही गेले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं. पुढच्याच वर्षी, ९ डिसेंबर १९५० रोजी, बागलांच्या पुढाकाराने कोल्हापूरच्या बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे बसले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. आणि याच बागलांनी शाहू महाराजांच्या आठवणीही मायेने लिहून ठेवल्या.

गादी संपवायला निघालेला माणूस गादीवरच्या एका माणसाविषयी जिव्हाळ्याने लिहितो, यात मला विरोध दिसत नाही. ज्यांना शाळेत घातलं, त्यांनी पुढे मत मागावं हे शाळेचं यशच म्हणायला हवं. आपण वर्गात सरांना उलट प्रश्न विचारायचो तेव्हा चांगले शिक्षक रागावत नसत. आपण त्यांच्याशी वाद घालू शकतो, इतपत त्यांनीच आपल्याला शिकवलेलं असे. शाहू महाराजांच्या राज्यात असंच झालं.

बागल एकटे नाहीत. जोतीरावांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला, तो त्यांना शेतकऱ्यांचा राजा मानून. कोल्हापूरचे कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे यांनी 'शिवाजी कोण होता?' ही पुस्तिका लिहिली आणि ती घरोघरी पोचली. आपल्या विदर्भात डॉ. पंजाबराव देशमुख घटना समितीचे सदस्य होते, पक्के लोकशाहीवादी होते. १९३० च्या दशकात अमरावतीला त्यांनी शिक्षण संस्था उभारली आणि तिला नाव दिलं श्री शिवाजी शिक्षण संस्था. आपल्यातल्या कित्येकांचे भाऊ-बहीण तिच्या शाळा-कॉलेजांतून शिकले. या सगळ्यांनी राजाच्या मुकुटाकडे पाहिलं नाही. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, अशी ताकीद फौजेला देणारा राजा त्यांनी पाहिला. तीही नियमाचीच गोष्ट आहे, आणि तो नियम स्वतःच्याच माणसांना घातलेला आहे.

परदेशातही हेच दिसतं. स्पेनमध्ये फ्रँकोच्या हुकूमशाहीनंतर हुआन कार्लोस राजा झाला. हाती आलेली सत्ता त्याने निवडून आलेल्या सरकारकडे जाऊ दिली. फेब्रुवारी १९८१ मध्ये लष्करातल्या काहींनी संसदेत घुसून बंड केलं, तेव्हा त्याने टीव्हीवरून लोकशाहीची बाजू घेतली आणि बंड फसलं. त्यानंतर राजेशाही न मानणारे स्पॅनिश लोकही स्वतःला 'हुआनकार्लिस्ता' म्हणवू लागले, म्हणजे राजेशाहीचे नव्हे, या एका माणसाचे चाहते. पण २०१२ साली देशात बेकारीचा कहर असताना हा राजा आफ्रिकेत हत्तीच्या शिकारीला गेल्याचं उघड झालं. लोक संतापले. २०१४ साली त्याने गादी सोडली आणि २०२० साली पैशांच्या भानगडींची चौकशी सुरू असताना देशही सोडला. लोकांची माया ही अशी असते. ती वारसाहक्काने येत नाही आणि एकदा मिळाली म्हणून कायमची राहत नाही.

इथे एक धोकाही आहे, आणि तो मला खरा वाटतो. महार वतन शाहू महाराजांनी १९१८ साली एका हुकमाने रद्द केलं. मुंबई इलाख्यात त्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली कायदेमंडळात विधेयक आणलं, आणि प्रत्यक्ष कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. हे वाचलं की वाटतं, असा एक चांगला राजा असता तर बरं झालं असतं, चाळीस वर्षं वाचली असती. आजही आपण चहाच्या टपरीवर ऐकतोच, "एक खमक्या माणूस पाहिजे, बस!"

याला उत्तर बडोद्यात सापडतं. सयाजीराव गायकवाड हेही असेच मोठे राजे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक गेलेले. १९०६ साली त्यांनी आपल्या संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण लागू केलं. १९१३ साली तरुण आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. शिकून आल्यावर करारानुसार बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. राजाची मर्जी होती, हातात मोठी पदवी होती, आणि त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. कचेरीतले शिपाईसुद्धा कागद लांबून टाकत. थोड्याच दिवसांत त्यांना बडोदा सोडावं लागलं. चांगल्या राजाची चांगली इच्छा राजवाड्याच्या फाटकाबाहेर किती पोचते, त्याचं माप या एका प्रसंगात आहे. खोली नाकारणाऱ्याला कायद्याने जाब विचारता यावा, यासाठी घटनाच लागते.

म्हणूनच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतल्या आपल्या शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल सावध केलं. माणूस कितीही मोठा असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका, असा त्यांचा सांगण्याचा रोख होता. ज्याला दोन राजांनी मोलाची मदत केली, त्यानेच हे सांगावं याला फार वजन आहे. शाहू महाराजांबद्दल त्यांना शेवटपर्यंत कृतज्ञता होती, तरी घटना लिहिताना त्यांनी देशाचं प्रमुखपद कुठल्या राजासाठी ठेवलं नाही. १९७१ साली माजी संस्थानिकांचे तनखेही बंद झाले आणि त्यासाठी कोणी गावात हळहळलं नाही. कृतज्ञता आणि भक्ती यांच्यातला फरक आपल्या लोकांना कळतो, असंच मला यातून वाटतं.

आता मात्र तो फरक पुसट होताना दिसतो. गेल्या काही वर्षांत मी गावी येते तेव्हा चौकाचौकात फलक पाहते. प्रत्येक राजा एकेका जातीच्या नावे लागला आहे. हा आमचा, तो तुमचा. ज्या माणसाने जैनांसाठी, मुसलमानांसाठी, अस्पृश्यांसाठी वसतिगृहं काढली, त्याच्या मिरवणुकीत आता एकाच समाजाची मुलं नाचतात. जातीबाहेर हात पोचवल्यामुळे जो मोठा झाला, त्याला आपण पुन्हा जातीत नेऊन बसवतो आहोत. डीजेचा आवाज कमी-जास्त करून हे सुधारणार नाही.

आपल्या वर्गाची आठवण काढा. 'इतिहास-नागरिकशास्त्र' असा आपला एकच पेपर असायचा. आधी राजे, मग नागरिक. निम्मी मुलं-मुली तालुक्याच्या खेड्यापाड्यांतून आलेली, तांड्यावरची, पोडावरची, काही समाजकल्याणच्या वसतिगृहात राहणारी. त्यांना 'सवलतवाले' म्हणणारे आपल्यातच होते, आणि ते ऐकून मान खाली घालणारेही आपल्यातच होते. त्या पेपरचे दोन भाग आपल्याला तेव्हा जोडता आले असते, तर कोणी मान खाली घातली नसती. ती सवलत कोणाची मेहेरबानी नव्हती. एका राजाने १९०२ साली मर्जीचा हक्क केला आणि पुढे घटनेने तो सगळ्या देशाचा केला, त्याच वाटेने ती आपल्या वर्गापर्यंत आली होती. आज राज्य सरकारच्या शिक्षण शुल्क योजनेला शाहू महाराजांचं नाव आहे, आणि खेड्यातल्या मुलींना शाळेत जायला एसटीचा जो मोफत पास मिळतो, त्या योजनेला अहिल्याबाई होळकरांचं. पास दाखवणाऱ्या मुलीला कंडक्टरपुढे हात जोडावे लागत नाहीत. राजा-राणीचं नाव टिकवायला याहून चांगली जागा मला दिसत नाही.

गुरुजनहो, मित्रमैत्रिणींनो, या स्नेहमेळाव्यात शाळेसाठी निधी गोळा करायचं ठरतं आहे. आपल्यातले काही आता पुण्यात, काही परदेशात, हात मोकळा असलेले. दरवर्षी एखाद्या गरजू मुलाला स्टेजवर बोलावून पाकीट द्यायचं, फोटो काढायचा, हा सोपा मार्ग आहे. माझी विनंती आहे की आपण तो घेऊ नये. कोणाला मदत मिळेल याचे चार नियम आधी लिहून काढू आणि ते शाळेच्या फलकावर लावू. नियमात बसणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला, न मागता, स्टेजवर न येता, पैसे मिळावेत. देणाऱ्याचं नाव घेणाऱ्याला कळायचं कारण नाही. आणि दर तीन महिन्यांनी किती आले, कोणत्या नियमाने किती मुलांना गेले, किती उरले, याचा तक्ता ग्रुपवर यावा. पहिल्या वर्षाचे चारही तक्ते मी करून देईन. एक्सेल उघडून बसणं हे माझं रोजचंच काम आहे.